कळलावीचं कार्ड

विमल गेली ती बसल्या जागी. हे वाक्य मी गेले काही आठवडे लिहिते आहे आणि खोडते आहे, कारण ज्यांनी तिला पाहिलं आहे त्यांना ते खोटंच वाटणार. ही बाई कधी बसायचीच नाही. वर्गात नाही, ग्रंथालयात नाही, माझ्या घरी चहाला आली तरी नाही. कप हातात घेऊन या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत फेऱ्या, आणि मध्येच "ही तुळस कायले वाळली वं?" अशी चौकशी. ती पवनीच्या बसस्टँडवर आसगावच्या बसची वाट बघत बाकावर बसली, पिशवी मांडीवर घेतली आणि गेली. शेजारच्या बाईला वाटलं, डोळा लागला असेल. बस लागली तेव्हा त्या बाईनं हलवून बघितलं…

मला फोन आला तो विमलच्या दादाचा. बहीणभावाचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं, आणि मी विमलची मैत्रीण म्हणून दादा माझ्याशीही बोलत नसत. त्यामुळे आवाज ओळखायला वेळ लागला. "सुनंदाबाई, विमल गेली," एवढंच ते म्हणाले. मी विचारलं, "कुठं गेली?" ऐकणाऱ्याला हा प्रश्न वेडेपणाचा वाटेल, पण तिच्या बाबतीत तो रोजचाच होता. ती कायम कुठेतरी गेलेलीच असायची. कोणाच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, काही उगवलंय, कोणा म्हाताऱ्याला काही आठवलंय, की ही निघाली. दादा अंत्यविधीची वेळ सांगायला लागले, तेव्हा मला कळलं.

आम्ही दोघी आसगावच्या. ती होळीच्या दिवसांतली, मी पावसात धानाची रोवणी चालते तेव्हाची. आमच्या जन्माआधी वर्षभर तिच्या वस्तीनं धम्मदीक्षा घेतली होती. आमचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, तलावाखालच्या बांध्यांत धान पिकवणारं. शाळेत एका बाकावर बसलो, म्हणजे मी बसले आणि ती उभी राहिली. पुढे दोघींनाही लाखनीत नोकरी लागली. ती कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवायची, मी हायस्कुलात मराठी. शुद्धलेखनाच्या वह्या तपासण्यात माझा जन्म गेला, आणि कोणाच्या ना कोणाच्या डोक्यात काहीतरी पेटवून देण्यात तिचा. मी तिला कळलावी म्हणायचे. स्टाफरूममध्ये, लग्नकार्यात, शेतावर, ती जिथे जाई तिथे आधी गप्प असलेली माणसं तावातावानं बोलायला लागत, आणि ही तोवर पुढच्या घरी पोचलेली असे.

जिल्हा फुटून गोंदिया वेगळं झालं त्या सुमाराची गोष्ट. लाखनीत हायवेला लागून एका म्हाताऱ्या डॉक्टरांचं घर होतं. "माझे अर्धे पेशंट आता परजिल्ह्यात गेले," असं ते हसून म्हणायचे. जाताना त्यांनी ते घर आणि आयुष्यभर जमवलेली पुस्तकं गावाला दिली. जुनी वैद्यकाची पुस्तकं, हातानं रंगवलेल्या झाडांच्या चित्रांचे जाडजूड ग्रंथ, खल, काचेच्या बरण्या. समिती झाली, तीत विमल सगळ्यात पुढे, बोर्ड लागला: वैद्यक व वनस्पती इतिहास ग्रंथालय. गावानं बोर्ड वाचला आणि आपल्या सोयीनं त्याचं नाव 'दवाईचं वाचनालय' ठेवलं. पहिले काही महिने लोक चिठ्ठ्या घेऊन यायचे. एक आजी कडेवर नातू घेऊन आली आणि म्हणाली, "याले खोकल्याचं एक पुस्तक द्या." विमलनं त्यांना दवाखान्याचा रस्ता दाखवला, पण जाऊ देण्याआधी विचारलंच, "तुमच्या लहानपनी खोकल्यावर काय देत, माय?" तिथून सगळं सुरू झालं.

महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी ती कार्यक्रम करायची. सुरुवातीलाच ठणकावून सांगायची, "इथं इलाज सांगत नाही, इलाजाची गोष्ट सांगतो. दुखत असेल त्यानं डॉक्टरकडे जायचं." पुढे एक खुर्ची असायची. वक्त्यासाठी म्हणून मांडलेली, पण विमल तिच्यावर त्या दिवशीची फांदी, साल किंवा मुळी ठेवायची आणि स्वतः भोवती फिरत बोलायची. बाहेर ट्रक. हॉर्न वाजला की वाक्य तिथेच धरून ठेवायची आणि ट्रक गेल्यावर नेमकं पुढच्या शब्दापासून उचलायची. मी दाराजवळ, शेवटच्या रांगेत. उशिरा येणाऱ्यांना बसवणं आणि मोबाईलवर बोलणाऱ्यांना बाहेर काढणं हे माझं काम. प्रत्येक वस्तूचं एक कार्ड व्हायचं. वर नाव, मग गाव, मग वापर, आणि सगळ्यात खाली तिची आवडती ओळ: वापर कसा थांबला. उपयोग काय हे सगळेच विचारतात, ती म्हणायची, थांबला कसा हे कोणी विचारत नाही. आणि गोष्ट तर तिथेच असते. कार्डांवर खाडाखोड फार. कोणी म्हणे कुड्याची साल, कोणी म्हणे साल नाही, बी. ही आधीचं खोडून वर नवं लिही, आणि आधीचंही वाचता येईल इतकंच खोडी. माझ्यातल्या मास्तरणीचा जीव जायचा. "दे इकडं, स्वच्छ लिहून देते," मी म्हणायचे. ती कार्ड मागे लपवायची. "लोकांनी आपलं म्हननं बदललं, हे दिसलं पायजे. तुह्या वहीत मार्क कापतात त्याचे, माह्याकडं नाही."

एकदा तिनं जाहीर केलं, ज्यांच्या दंडावर देवीच्या लसीची खूण आहे त्यांनी यावं आणि बाही वर करावी. मला वाटलं, कोण येतंय! सभागृह भरलं. धोतरवाले, पँटवाले, नऊवारीतल्या बाया, सगळे दंड उघडे करून एकमेकांचे व्रण बघत होते. लस टोचणाऱ्याला पाहून कोण धानाच्या पेंढ्यांच्या पुंजण्यात लपलं होतं, कोणाच्या आईनं देवी कोपेल म्हणून दार लावून घेतलं होतं… हसून हसून पुरेवाट झाली. आणि एकदा गोसीखुर्दच्या धरणात गाव गेलेली माणसं आली. त्या शनिवारी खुर्चीवर ठेवायला काहीच नव्हतं. "आमची झाडं पान्यात हायेत," ते म्हणाले. मग ती नुसती नावं सांगत गेली, विमल लिहीत गेली. नदीकाठची कुठली मुळी, कुठला पाला, कोणत्या दुखण्यावर. शेवटच्या ओळीपाशी आली की ती वर बघायची, "थांबला कसा?" आणि समोरून एकच शब्द, "धरन." पुढच्या कार्डाला, "धरन." त्या दिवशी घरी जाताना ती इतक्या झपाझप चालली की मला पळावं लागलं.

आता त्या शनिवारविषयी, ज्यानं तिचं आणि दादाचं फाटलं. विषय होता कळलावी. आपल्याकडे पावसाळ्यात बांबूच्या रांजीत म्हणजे बेटात, धुऱ्यांवर हा वेल दिसतो. फूल चुलीतल्या जाळासारखं पिवळं-तांबडं, आणि पानाचं टोक वळून शेजारच्या काडीला धरून ठेवतं. गावात भोंगा फिरवणाऱ्या ऑटोवाल्यानं आपल्या मनाची भर घातली: "कोण आहे कळलावी? काय आहे तिचा इतिहास? येत्या शनिवारी, अवश्य या!" झालं. लाखनीला वाटलं, गावातल्या कोणाचं तरी नाव जाहीर होणार. उभं राहायला जागा उरली नाही. सासवा सुनांना घेऊन आल्या होत्या आणि सुना सासवांना. कार्यक्रम आपल्या शेजारच्या खुर्चीवर आहे अशी दोघींचीही खात्री. विमलनं फूल उचलून दाखवलं तेव्हा मोठा उसासा पडला, पण उठून कोणी गेलं नाही. तिनं सांगितलं, ही कळ भांडणाची नव्हे, बाळंतपणाची. बाई अडली की हिचं मूळ उगाळून तळपायाला लावत, कळा याव्यात म्हणून. मूळ जहर आहे, पोटात गेलं तर माणूस जातो, तेव्हा हात लावायचा नाही.

"लावे कोन, ते सांग नं," मधल्या रांगेतून एक म्हातारी म्हणाली. आमच्याच आसगावची, लेकीकडे आलेली. "तुही आजीच त लावे वं. सोना दाई. पुऱ्या गावाच्या नाळा तिनंच कापल्या."

पुढच्या रांगांतल्या माना खाली गेल्या. दाई कोणत्या वस्तीतून बोलावली जायची, परसाच्या वाटेनं कशी यायची, विटाळाचं सगळं कशी उचलायची आणि निघताना तिच्या सुपात दुरून धान कसं टाकलं जायचं, हे तिथल्या प्रत्येक पिकल्या केसाला ठाऊक होतं. विमल थांबली नाही. "हव," ती म्हणाली, "माही आजी होती." तिची मान ताठ होती. मला तिचा फार अभिमान वाटला. आणि तो ताण जरा सैल व्हावा म्हणून मी मागून म्हटलं, "पुऱ्या गावाच्या नाही हं! माझ्या वेळी दाई मिळालीच नव्हती. माझी नाळ माझ्या आजीनं कापली." ही आमच्या घरची लाडकी गोष्ट. बाबा दर वाढदिवसाला सांगायचे: भर रोवणीचे दिवस, सगळी माणसं बांधीत, दाई मिळाली नाही, तर तुझ्या आजीनं स्वतः पदर खोचला. लोक हसले. खिडकीजवळ बसलेले विमलचे दादा मात्र उठले आणि कोणाकडेही न बघता बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी ते विमलच्या घरी आले तेव्हा मी तिथेच होते. दादा पाटबंधारे खात्यात नोकरी करून गावी परतलेले, कमी बोलणारे. त्या दिवशी बोलले. "आजीनं जे टाकून देल्लं, ते तू उचलून टेबलावर मांडलं."

"टाकून देल्लं म्हनून झालंच नाही काय, दादा? त्या पुस्तकाइत वैद्य हायेत, डॉक्टर हायेत, साहेब हायेत. आजी कुठं हाये?"

"दाई म्हनून पायजे तुले ती? पुऱ्या गावाले दाईच पायजे होती. सोनाबाई कोनाले पायजे होती?"

विमल खिडकीपाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. दादा निघून गेले. भाऊबीजेला ती गेली, दार उघडलं नाही असं नाही, पण दारातूनच बोलणं झालं. नंतर तेही थांबलं.

मी तेव्हापासून आजपर्यंत ठरवू शकलेले नाही की दोघांत बरोबर कोण. विमलचं ऐकलं की वाटे, खरं आहे, जिनं अख्खं गाव जन्माला घातलं तिचं नाव एका कार्डावर तरी असावं. दादाचं आठवलं की वाटे, जे काम हाताला जबरदस्तीनं चिकटवलं होतं ते एका पिढीनं खरवडून काढलं, आता त्याचा सत्कार कशाला? विमलही त्या प्रश्नाभोवती घिरट्या घालत राहिली. कळलावीचं फूल वाळवून तिनं काचेच्या चौकटीत बसवलं, दाराशेजारी लावलं, कोपऱ्यात कार्ड खोचलं. नाव, गाव आसगाव, वापर, सगळं लिहिलं. शेवटची ओळ कोरी. जाता येता माझं लक्ष तिकडे जाई आणि मी चिडे. "लिही नं एकदाचं, दवाखाने आले म्हणून."

"तसं नाही झालं."

"मग कसं झालं?"

"कळ काढ थोडी," ती म्हणायची. जिला बसची वाट बघणं होत नव्हतं, ती मला कळ काढायला सांगत होती!

आमची शेवटची भेट याच पावसाळ्यातली. माझ्या स्वयंपाकघरात उभी, एक पाय उंबऱ्याबाहेर. चेहऱ्यावर ती जुनी ओळखीची चमक, म्हणजे कोणाच्या तरी डोक्याला ताप होणार. "पुढच्या शनिवारी तू दाराशी नाही बसायचं," ती म्हणाली. "पयल्या रांगेत बसायचं."

"काहून? माझा सत्कार आहे का?"

"तसंच समज."

"आणि दार कोण सांभाळेल?"

"दार उघडंच राहू दे." मग अंगणात पोचल्यावर वळून, "अन् मधात बोलू नको वं, मास्तरीन!" छत्री माझ्याकडेच विसरली. अजून दाराच्या खिळ्याला आहे. त्या आठवड्यातच फोनवर "दादाकडं जातो" एवढंच सांगून ती आसगावला निघाली आणि पवनीपर्यंतच पोचली.

विमलसाठी बुद्धवंदना ठेवली होती, त्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी दादांच्या शेजारी बराच वेळ उभी होते. मनात एकच प्रश्न घणासारखा. विमल तुमच्याकडेच येत होती, हे यांना सांगावं की नाही? सांगितलं तर उरलेल्या आयुष्यात हा माणूस त्या बाकाकडे बघू शकणार नाही. नाही सांगितलं तर बहीण आपल्याशी न बोलताच गेली असं समजून जगेल. धड सांगता येईना, धड गिळता येईना. घरी आल्यावर हाच चाळा. भांडी घासताना, पेपर वाचताना, पोळी तव्यावर असताना. एका पोळीचा कोळसा झाला तेव्हा मी गॅस बंद केला आणि निघाले. पवनीला बस बदलताना तो बाक दिसला. त्यावर दोन मुली शेंगदाणे खात बसल्या होत्या. मी उभीच राहिले.

दादा अंगणात होते. मी सगळं एका दमात सांगून टाकलं. ते ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "मले माहीत हाये, बाई. तिचा फोन आल्ता."

तिनं मला याचा पत्ता लागू दिला नव्हता. तिनं दादांना म्हटलं होतं, मी उलटी गोष्ट सांगत होते. आजी काय करे ते मी सांगितलं. आजीनं काय केलं ते राहूनच गेलं. ते तू पाहिलंस, ते तू येऊन सांग. "तवा मी तिले पुरी गोष्ट पयल्यांदा सांगतली, फोनवरच. मंग म्हने, सुनंदासमोर सांगशील? मी म्हटलं हव, येतो शनिवारी. तर म्हने, मी घ्याले येतो. मी म्हटलं, कायले? शनिवार अजून दूर हाये, मले रस्ता माहीत नाही काय? पर ते थांबली नाही…" त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसलं. "थांबली असती त मीच गेलो असतो."

कुठली गोष्ट, मी विचारलं. "शनिवारी," ते म्हणाले. विमलनं ठरवलेला शनिवार तर केव्हाच उलटून गेला होता. म्हणून पुढचा धरला.

समितीला शोकसभा करायची होती. हार, फोटो, समई. मी म्हटलं, फोटोत ती एका जागी राहील तरी का? नेहमीचाच कार्यक्रम होईल. ऑटोवाल्यानं या वेळी फक्त "कळलावी, भाग दुसरा" एवढंच पुकारलं आणि पुढे भोंगाच बंद केला, असं लोकांनी सांगितलं. खुर्चीवर मी ताज्या कळलावीचा वेल ठेवला. सवयीनं दाराकडे जायला लागले, तर दादांनी हाक मारली, "बाई, तुमी पुढं. तिनं सांगतलं हाये." आणि ते उभे राहिले, खुर्चीला हात न लावता.

"मी आठेक वर्साचा असीन," ते म्हणाले. "रोवना चालू होता. आजी आंगनात सूप घेऊन बसली होती. एक मोठे शेतकरी आले. गडी नाही धाडला, खुद्द आले. कधी आमच्याकडं न येनारा मानूस. धुऱ्यावर उभं राहून हाक देल्ली, सोना, चाल लवकर, सुनेले कळा येऊन राहिल्या. आजी उठली नाही. म्हने, मालक, दीक्षा घेतली तवा ते काम आमी सोडलं. ते म्हनले, सोडलं त सोडलं, आजच्या रोज ये. आजी म्हने, येतो. बोलावल्यावानी येतो. समोरच्या दारानं येतो, अन् बाई मोकळी झाली का तुमच्या ओसरीत बसून, तुमच्या कपात च्या पितो. चालते काय?"

बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला. दादा थांबले. अगदी विमलसारखे. हॉर्न गेला.

"ते लय वेळ उभे राहले. निंगून गेले. मंग आजी सूप पाखडत बसली. धान साफ झालं होतं, तरी पाखडत होती. आईनं जेवाले बोलावलं, उठली नाही. मी हात धरला, तर सोडवून घेतला. तिले माहीत होतं नं, तिकडं काय होऊ शकते ते. तिच्याएवढं कोनाले माहीत होतं? गडी सांगत आला, पोरगी झाली, दोघी बऱ्या हायेत, तवा तिनं सूप खाली ठेवलं. अन् मंग रडली." दादांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता. "ते पोरगी इथं बसून हाये."

दाई मिळाली नाही. बाबांच्या तोंडून किती वेळा ऐकलं होतं मी हे. दर वाढदिवसाला, ओवाळून झाल्यावर. दाई होती. हाकेच्या अंतरावर, अंगणात, सूप घेऊन बसलेली. माझे आजोबा, जे मला खांद्यावर बसवून तलावावर न्यायचे, ज्यांनी मला शिकू दिलं, ते त्या धुऱ्यावर उभे राहिले आणि एका कपाचा विचार करत राहिले. माझी आई गेली असती. मी गेले असते. तरी त्यांनी तो कप दिला नाही. मला त्यांचा इतका राग आला की कानशिलं तापली. आणि ज्यांच्यावर रागवायचं ते केव्हाच राख झालेले, म्हणून तो कुठे ठेवावा हे समजेना. माझी आजी आठवली. तिनं आयुष्यात कधी नाळेला हात लावला नव्हता. त्या दिवशी लावला. विटाळ कसला, माझंच रक्त आहे, असं ती पुढे जन्मभर म्हणायची, आणि आमच्या घरात पुढची बाळंतपणं घरच्याच बायांनी केली. एका बाईच्या 'नाही'नं दोन घरं बदलली होती. आमच्या घरानं त्यातला 'नाही' तेवढा उचलून 'मिळाली'च्या पुढे चिकटवला होता.

मी मध्ये बोलले नाही. विमलनं बजावलंच होतं.

लोक पांगल्यावर मी दाराशेजारची चौकट उतरवली. खिळे गंजलेले, काच निघता निघेना. दादांनी किल्लीच्या टोकानं एक एक सैल केला. कार्ड हातात आलं. विमलचं घाईचं अक्षर, दोन ठिकाणी खोडलेलं, आणि खाली: वापर कसा थांबला. कोरी ओळ. माझ्याकडे तिचंच पेन होतं. पहिला शब्द 'दाई' असा पुटपुटत मी पेन टेकवलं, तोच दादा हळूच म्हणाले, "ते नको, बाई. तिले नाव होतं."

मी लिहिलं: सोनाबाई नाही म्हणाली.

आणि थांबले. जन्मभर मुलांना शिकवत आले, मोठ्यांविषयी लिहिताना आदरार्थी लिहावं. आमच्या घरात, गावात, त्या सभागृहातही, कोणी सोनाबाईंना कधी अहो म्हटलं नव्हतं. मी 'म्हणाली' खोडलं, खालचं वाचता येईल इतकंच, आणि पुढे 'म्हणाल्या' लिहिलं. दादांनी चष्मा वर करून ते दोनदा वाचलं. "खाडाखोड झाली," मी म्हटलं, "नवं कार्ड घेऊ का?"

"राहू द्या," ते म्हणाले. "विमलनं राहू देल्लं असतं."

चौकट परत लावली. दाराबाहेर पडताना आता तीच आधी दिसते: वाळलेलं फूल, आणि कोपऱ्यात तो खोडलेला शब्द. पुढचा शनिवार जवळ आला आहे, भोंग्याचं सांगायचं आहे, आणि मी सकाळपासून या खोलीत फेऱ्या मारते आहे.